कित्तूरच्या राणीचं नवं तिकीट: अल्बमात ठेवू की पत्रावर लावू?

मलप्रभेकाठची (१२ नोव्हेंबर २०२४)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मागची हकीकत सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

गेल्या महिन्यात २३ तारखेला, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी इंग्रजांवर मिळवलेल्या विजयाला दोनशे वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी टपाल खात्याने त्यावर पाच रुपयांचं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जवळच्या पोस्टात गेले. खिडकीवरच्या मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘असलं काही आलं नाही मॅडम, पत्र असेल तर द्या, स्टिकर लावतो.’ आणखी दोन पोस्टं पालथी घातली, तेच उत्तर. शेवटी ओळखीच्या एका वयस्कर संग्राहकांनी त्यांच्याकडची एक चौकडी मला दिली. चार तिकिटं, एकमेकांना जोडलेली. वीस रुपये घेतले, वर एक पैसा नाही.

माझे बाबा बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात शाखा डाकपाल होते. लोक बीपीएम म्हणायचे. पोस्ट आमच्या पडवीतच. एक लाकडी पेटी, तराजू, लाखेची कांडी, शाईची गादी आणि शिक्का. सकाळी अंघोळ झाली की बाबांचं पहिलं काम शिक्क्यातली तारीख बदलायची. चिमट्याने कालचा आकडा उपसायचा, आजचा बसवायचा आणि वहीत एक ठसा उमटवून बघायचा. त्या वहीत तारखांशिवाय काहीच नसायचं. पावसाळ्यात शाई पसरायची, तेव्हा ते शिक्का चुलीजवळ धरून कोरडा करायचे.

१९७७ च्या २३ ऑक्टोबरला राणी चन्नम्मांचं पहिलं तिकीट आलं, २५ पैशांचं. बाबांनी खानापूरहून एक आणलं आणि चंदगडला आत्याला लिहिलेल्या पत्रावर लावलं. आत्याने ते पाकीट सत्तेचाळीस वर्षं ट्रंकेत ठेवलं आणि या दिवाळीत माझ्या हातात दिलं. कागद चहासारखा झालाय. तिकिटाचा डावा कोपरा शिक्क्याखाली आलाय, पण गावाच्या नावातली शेवटची दोन अक्षरं आणि तारीख अजून वाचता येते. आत भात पिवळं पडलंय, म्हैस व्यायली, एवढाच मजकूर. आणि शेवटी एक ओळ: ‘तिकीट फाडू नकोस, आपल्या कित्तूरच्या राणीचं आहे.’

माझ्या मनात असं आहे, की नव्या तिकिटांतलं एकेक पत्रावर लावावं आणि नंदगडच्या पोस्टातून २६ जानेवारीला टाकावं. राणीचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला १८३१ साली त्याच तारखेला नंदगडला फाशी दिलं. राणीचं तिकीट, रायण्णाच्या समाधीच्या गावचा शिक्का. पण चौकडी फोडायला हात धजत नाही. जाणकारांनी सांगावं.

निपाणीचा_संग्राहक (१२ नोव्हेंबर)

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. शिक्का चुलीजवळ धरणारा माणूस म्हणजे कामावर जीव असलेला माणूस.

आधी अडचण सांगतो. २६ जानेवारीला पोस्टाला सुट्टी असते. पेटीत पत्र टाकलंत तरी शिक्का दुसऱ्या दिवसाचाच बसणार.

आता चौकडी. फोडू नका, असं मी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. स्मारक तिकीट एकदाच छापतात. रोजच्या वापराचं तिकीट संपलं की पुन्हा छापतात, याचं तसं नाही. जेवढी छापली तेवढीच, मग ती पत्रांवर जातात, कचऱ्यात जातात, वाळवी खाते. जोडलेली चौकडी, मागचा डिंक शाबूत, दात्रे (कडेची छिद्रांची नक्षी) सरळ, अशी वस्तू दहा वर्षांनी शोधून सापडत नाही. पत्रासाठी वेगळी घ्या. बेळगावच्या मोठ्या पोस्टात चौकशी करा. नाहीतर पोस्टात फिलाटेलीचं, म्हणजे तिकीट संग्राहकांसाठीचं, ठेव खातं उघडा. दोनशे रुपये भरले की नवीन निघालेली तिकिटं घरपोच येतात. खिडकीवरचं ‘नाही’ ऐकायची वेळ येत नाही.

आणि चौकडी ठेवणार असाल तर हिंज (अल्बमात चिकटवायची डिंकाची कागदी पट्टी) लावू नका, डिंक जातो. पारदर्शक पाकिटात ठेवा आणि बोटांनी धरू नका, चिमटा वापरा. आपल्याकडच्या पावसात तिकिटं एकमेकांना चिकटतात. अल्बम आडवा न ठेवता उभा ठेवा.

खडेबाजार (१३ नोव्हेंबर)

धागा वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय. रागावू नका.

परवाच १ नोव्हेंबर झाला, बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेल्याचा दिवस. आमच्या घरात १९५६ पासून तो दिवस सुतकासारखा जातो. आजोबा सत्याग्रहात तुरुंगात गेले. आज माझ्या आजीला तिच्याच जमिनीचा उतारा वाचता येत नाही, कारण तो कानडीत मिळतो. दुकानावर मराठी पाटी लावायची तर दहा वेळा विचार करावा लागतो. सुप्रीम कोर्टात २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे. मी रोज चन्नम्मा सर्कलवरून जातो, राणीबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही. पण तो उत्सव त्यांचा, ते तिकीट त्यांचं. आपण मराठी माणसांनी त्यासाठी तीन पोस्टं का फिरायची? आपलं कोण काढतंय तिकीट?

बैलहोंगलची_सून (१३ नोव्हेंबर)

खडेबाजार भाऊ, तुमच्या आजीचं दुःख मला कळतं. माझ्या माहेरी शहापुरातही हेच चालतं. पण मी सतरा वर्षांपूर्वी बैलहोंगलला नांदायला आले आणि राणीची समाधी आमच्या घरापासून चालत जाण्याएवढी जवळ आहे. कित्तूर पडल्यावर राणीला इथल्या किल्ल्यात कैदेत ठेवलं आणि १८२९ साली ती इथेच गेली. माझ्या सासूबाईंना मराठी येत नाही, मला सुरुवातीला कानडी येत नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी मला हात धरून समाधीवर नेलं, नारळ फोडला, आणि माझ्या हातात हळदीकुंकवाची पुडी दिली. आमच्यातलं ते पहिलं बोलणं. एकही शब्द न बोलता झालेलं.

मलप्रभेकाठची ताई, एक पत्र मला पाठवाल का? सासूबाईंना देईन.

मोडीवाचक (१४ नोव्हेंबर)

‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण कित्तूरची गोष्ट दोन्हीकडे अर्धीच सांगितली जाते.

कित्तूरचे देसाई पेशव्यांना खंडणी देत. राणीचे पती मल्लसर्ज देसाई यांना पेशव्यांनी पुण्यात कैदेत ठेवलं होतं. सुटून परत येताना ते आजारी पडले आणि १८१६ मध्ये वारले. ही आपल्या बाजूची चूक आहे, ती आपण सांगितली पाहिजे. मग १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रजांचा सेनानी थॉमस मन्रो याने बेळगावचा किल्ला घेतला, आणि त्या वेळी कित्तूरकर इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. त्यांना वाटलं, आता संस्थान सुखरूप राहील. जेमतेम सहा वर्षं गेली. सप्टेंबर १८२४ मध्ये राणीचा सावत्र मुलगा शिवलिंगरुद्रसर्ज निपुत्रिक वारला. त्याने मरण्याआधी दत्तक घेतला होता. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तक नाकारला आणि खजिन्याला सील लावून पहारे बसवले.

दत्तक नामंजूर म्हटलं की आपल्याला सातारा आठवतो, १८४८. झाशी त्यानंतरची. कित्तूर त्या सगळ्याच्या चोवीस वर्षं आधीचं. साताऱ्याच्या वेळी डलहौसीचं नाव घेऊन आपण जे हळहळतो, त्याची पहिली कळ कित्तूरने सोसली होती.

२३ ऑक्टोबरला थॅकरे तोफा घेऊन किल्ल्याच्या दाराशी आला. दार फोडायला लावणार, तेवढ्यात आतून लोक बाहेर पडले. थॅकरे तिथेच गोळी लागून मेला. अमटूरच्या बाळप्पाने ती झाडली असं सांगतात. तोफखान्याचे अधिकारीही पडले. वॉल्टर एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोघे इंग्रज जिवंत हाती लागले. राणीने त्यांना मारलं नाही, पुढे सोडून दिलं. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि कित्तूर पडलं. त्या लढाईत सोलापूरचा सबकलेक्टर मन्रो मारला गेला, थॉमस मन्रोचा पुतण्या.

आता या एलियटचं पुढे काय झालं ते ऐका. तो याच मुलखात नोकरी करत राहिला आणि जुन्या कन्नड शिलालेखांच्या नादी लागला. जवळजवळ सहाशे लेखांच्या नकला त्याने गोळा केल्या. धारवाडकडच्या कचेऱ्यांत तेव्हा कारभार मराठीत चालायचा. इथल्या रयतेची भाषा कन्नड आहे, शाळा कन्नड हव्यात, असं आग्रहाने मांडणाऱ्यांत हा एलियट होता. खडेबाजार, कागद आपल्या भाषेत नसल्याचं तुमच्या आजीचं जे दुखणं आहे, तेच दोनशे वर्षांपूर्वी इथल्या कानडी शेतकऱ्याचं होतं आणि तेव्हा कचेरीतली भाषा आपली होती. यावरून आजचा अन्याय बरोबर ठरत नाही. माणसाला त्याच्या जमिनीचा कागद त्याच्या भाषेत मिळालाच पाहिजे. तेव्हाही आणि आताही.

मलप्रभेकाठची (१५ नोव्हेंबर)

मोडीवाचक सर, एलियटचं मला ठाऊक नव्हतं. वर्गात सांगणार आहे.

खडेबाजार, तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या घरातही बोललं जातं. बाबांनीसुद्धा संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ऐकल्यात. पण आमच्या गावात पत्रं दोन्ही भाषांत यायची. कानडी पत्र आलं की बाबा पडवीत बसून ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि उत्तरही लिहून द्यायचे. कोणाच्या घरी कोण वारलं, कोणाचं लग्न ठरलं, हे बाबांना त्या घरच्यांच्या आधी कळायचं. त्यांनी ‘आपल्या कित्तूरच्या राणीचं’ लिहिलं तेव्हा ते कोणाला पटवायला लिहिलं नव्हतं. बहिणीला लिहिलेलं घरगुती पत्र होतं ते.

आणि नंदगड तर मराठी गाव. रायण्णा कित्तूरचा शेतसनदी, म्हणजे जमिनीच्या बदल्यात चाकरी करणारा शिपाई. कित्तूर पडल्यावर त्याची जमीन गेली. तो १८२९ ला उठला. संपगाव, खानापूर, नंदगड, आमच्या जंगलातून तो इंग्रजांच्या कचेऱ्या जाळत फिरला. त्याला ठेवून घेणारी, भाकरी देणारी माणसं कोण होती? काही कानडी बोलत असतील, काही मराठी. दग्याने पकडला तेव्हा १८३० चा उन्हाळा होता. फाशीनंतर त्याला पुरलं तिथल्या वडाला आजही लोक छोटे लाकडी पाळणे बांधतात, मूल व्हावं म्हणून. मी लहानपणी आईबरोबर गेले होते. वाऱ्याने पाळणे एकमेकांवर आपटायचे, टक् टक् असा आवाज यायचा. बांधणारीला तिची भाषा कोणी विचारत नाही.

तिकिटावर अक्षरं देवनागरी आणि रोमन. कन्नड नाही, आणि देवनागरी आहे ती हिंदीसाठी, मराठी म्हणून नाही. पण देवनागरीतला ‘कित्तूर’ शब्द माझ्या आत्याला चष्मा न लावता वाचता येतो.

चंदगडी (१५ नोव्हेंबर)

काय करूलालास गं बाई, डोळ्यांत पाणी आणलीस.

प्रश्न: झाशीच्या राणीचं तिकीट कधीचं? आणि शिवाजी महाराजांचं?

निपाणीचा_संग्राहक (१५ नोव्हेंबर)

झाशीची राणी १९५७, १८५७ च्या शंभरीला, १५ नवे पैसे. घोड्यावर आहे. महाराजांचं १९६१ मध्ये आलं, आणि पुढे १९७४ ला राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा पुन्हा. म्हणजे झाशीनंतर कित्तूरला वीस वर्षं वाट पाहावी लागली, लढाई मात्र तेहतीस वर्षं आधीची. खडेबाजार विचारतात ‘आपलं कोण काढतंय’. आपलीही निघाली आहेत, भरपूर. मागणी करावी लागते, पाठपुरावा करावा लागतो. कित्तूरकरांनी केला, त्यांना मिळालं. आणखी एक. आपण पत्त्यावर लिहितो तो सहा आकडी पिन ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस आणि संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झाला. ५९ ने सुरू होणारा पिन लिहिला की पत्र आपल्याकडेच येतं, मग पत्ता बेळगाव लिहा की बेळगावी.

ताई, चौकडीबद्दल माझं मत बदललंय. तुमच्या बाबांनी १९७७ मध्ये एकच तिकीट घेतलं आणि लावून टाकलं. ते जपून ठेवलं असतं तर आज माझ्या अल्बमातल्या तिकिटासारखंच स्वच्छ असतं. माझ्या त्या तिकिटावर कोणत्याही गावाचं नाव नाही, तारीख नाही. फोडा. मी माझ्याकडची एक चौकडी तुम्हाला पाठवतो, ती अल्बमात ठेवा.

खडेबाजार (१७ नोव्हेंबर)

दोन दिवस विचार करत होतो. सीमेबद्दल माझं म्हणणं तेच आहे आणि ते मी सोडणार नाही. १ नोव्हेंबरला मी काळ्या फितीने जाणार.

पण मोडीवाचकांनी जे लिहिलं ते आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘माझ्या आजीचं माहेर संपगावचं, ती राणीच्या ओव्या म्हणायची.’ मी पन्नाशीला आलो, मला हे कधी कळलं नव्हतं. एकही ओवी तिला आता पूर्ण आठवत नाही. दोन संध्याकाळ ती प्रयत्न करतेय.

एक पत्र आजीच्या नावाने पाठवा. पत्ता वेगळा कळवतो.

मलप्रभेकाठची (२८ जानेवारी २०२५)

काल सोमवार. सकाळच्या बसने नंदगडला गेले, बाबांना घेऊन. वय ब्याऐंशी, गुडघे धरतात, पण घरी थांबायला तयार नव्हते. आधी वडाखाली गेलो. आदल्या दिवशीची फुलं सुकून पडली होती. बाबा चपला काढून थोडा वेळ उभे राहिले.

मग पोस्टात. चार पाकिटं: आत्या, बैलहोंगल, खडेबाजारांच्या आजी, आणि एक आमच्याच घरच्या पत्त्यावर बाबांच्या नावाने. चौकडी आदल्या रात्री बाबांनीच फोडली. दात्र्यांवर आधी पुढे घडी, मग मागे, नखाने दाबून, असं तीन वेळा आणि मग हलक्या हाताने. एकही दाता तुटला नाही. ओल्या बोटाने डिंक न भिजवता त्यांनी वाटीत स्पंज भिजवून घेतला होता.

खिडकीवर तरुण मुलगी होती. बाबांनी तिला कानडीत सांगितलं, ‘मीही बीपीएम होतो, शिक्का जरा सावकाश मारशील का?’ तिने पाकिटं बाजूला घेतली, गादीवर शिक्का दोनदा टेकवला, कोऱ्या कागदावर एकदा उमटवून पाहिला. बाबा माझ्याकडे बघून हसले. मग तिने चारही पाकिटांवर, तिकिटाचा फक्त कोपरा धरून, शिक्के मारले. घाई नाही. मागे रांगेत दोन माणसं होती, तीही बघत राहिली.

बैलहोंगलची_सून (३० जानेवारी)

पोचलं! सासूबाईंनी पाकीट देव्हाऱ्यात ठेवलंय. आतलं पत्र मी कानडीत सांगितलं. पाळण्यांचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला.

चंदगडी (१ फेब्रुवारी)

आत्यांचं पोचलं का?

मलप्रभेकाठची (१ फेब्रुवारी)

हो, काल. फोन आला होता. म्हणाल्या, दोन्ही पाकिटं आता एकत्र ट्रंकेत.

खडेबाजार (१ फेब्रुवारी)

आजीला आज मिळालं. टपालवाल्याने नाव घेऊन हाक मारली तेव्हा ती स्वतः दारापर्यंत गेली. तिच्या नावाने पत्र येऊन पंधरा-वीस वर्षं झाली असतील. भिंगाने शिक्का बघत बसली आणि बोट ठेवून वाचलं, नंदगड. ओवी अजून आठवलेली नाही, पण चाल आठवली. गुणगुणत होती. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवलंय, मोडीवाचकांना पाठवतो.

मोडीवाचक (१ फेब्रुवारी)

पाठवा. रात्री कितीही वाजता.

निपाणीचा_संग्राहक (२ फेब्रुवारी)

आणि बाबांचं पाकीट? आलं का घरी? काय म्हणाले?

मलप्रभेकाठची (२ फेब्रुवारी)

काल दुपारी आलं. चष्मा पुसून घेतला, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, तिरकं करून पाहिलं. म्हणाले, ‘तारीख लख्ख आलीय. शाई किंचित जास्त झाली, पण मुलगी शिकेल.’